एका पायलीत किती पाने?

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पायली आहे. धान्य मोजायचे मी माप. कमरेत बारीक, वर आणि खाली रुंद, तोंडाची कड मात्र चांगली जाड. देवासला दोन खोल्यांच्या एका घरात, चुलीशेजारच्या फळीवर मी बसलेली असते. बाजारात आता किलोची वजने येऊ लागली आहेत, त्यामुळे माझ्या नावाने कोणी सौदा करत नाही. या घरातले तांदूळ माझ्यातच ठेवतात, एवढे एक काम माझ्याकडे उरले आहे.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी हात जोडतात आणि म्हणतात, आम्हाला घासा, पुसा, जपा. मी तसले काही मागणार नाही. मला चिंच लावून घासले तरी मी चकचकीत होईन, पण जे झाले ते फिरणार नाही. तुम्ही नुसते ऐका.

माझा जन्म धारचा. मालोजी तांबटाने मला घडवले. मालोजी फार रागीट माणूस. दिवसभर ठोकठोक करायचा आणि कोणी मधे बोलले की हातोडी खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसायचा. माझा आकार तयार झाल्यावर त्याने दरबारच्या पक्क्या मापाने तांदूळ मोजून माझ्यात ओतला. चार दाणे कडेवरून खाली पडले. मालोजीने कपाळाला हात लावला आणि मला पुन्हा ठोकायला घेतले. असे किती वेळा झाले, देव जाणे. शेवटी तांदूळ माझ्या कडेला नेमका लागला, तेव्हा माझ्या पोटावर संस्थानचा शिक्का उमटला. त्या दिवसापासून मी कधी कमी भरले नाही आणि जास्तही नाही. मला याची थोडी घमेंड होती, ती मी लपवत नाही.

मी दरबारच्या मुदपाकखान्यात गेले. तिथले मुख्य आचारी मोरोपंत. सगळे त्यांना तात्या म्हणत. अंगाने सडपातळ, आवाज खणखणीत, आणि खांद्यावर कायम एक ओला पंचा. पहिली पायली भरली की 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, ही धान्य मोजण्याची जुनी रीत. तात्या ते इतक्या जोरात म्हणत की कोठीच्या बाहेरचा पहारेकरी वळून बघे. "लाऽभ! दोन! तीन!"

आता तुम्हाला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. पंगतीला बसलेल्या एका माणसाला आमच्याकडे एक पान म्हणतात. एका पायली तांदळात किती पाने जेवतात, हे कोणीही आचारी झोपेतसुद्धा सांगेल. अवघड सवाल तो नव्हेच. पाने किती होणार, हा खरा सवाल. आहे ते मोजायला मी आहे. अजून न आलेले मोजायचे झाले तर माझा काही उपयोग नाही. तिथे अंदाज लागतो, आणि अंदाज करण्याची रीत एकच नसते.

तात्यांची रीत नजरेची. दसऱ्याला सकाळी ते कोठीच्या दारात उभे राहत, डोळे किलकिले करून चौकाकडे बघत, आणि म्हणत, "गेल्या साली होता तेवढाच. वर दोन पायल्या." आणि तेवढाच लागे! कोठावळे नारायणराव थक्क होत. महालात तात्यांचे नाव होते. तिरल्याकडून गव्हाच्या गाड्या आल्या की गाडीवानसुद्धा विचारत, "तात्या, औंदा कितना लगेगा?" तात्या आकाशाकडे बघून आकडा सांगत.

मी त्यांच्या हातात होते, म्हणून मला दिसत होते की ही जादू कशाने चालते. दरवर्षी तोच दसरा, तेच मानकरी, तीच बसायची जागा. गेले साल आणि यंदाचे साल जुळी भावंडे असावीत तशी. असे असते तेव्हा गेल्या सालावरून यंदाचा अंदाज करावा, त्याहून सोपी आणि बरी रीत नाही. दुसरी गोष्ट अशी की तात्यांचे चुकले तर ते कोणाला कळतच नसे. कमी पडले तर मागे कोठी भरलेली. उरले तर मोतद्दार होते, माहूत होते, महालाच्या दाराशी बसणारे गोरगरीब होते. चुकीची किंमत कधी तात्यांच्या पदरी पडलीच नाही. म्हणून आपण चुकत नाही असे त्यांना मनापासून वाटू लागले. मलाही तसेच वाटत होते.

मग संस्थान मध्य भारतात विलीन झाले. झेंडा बदलला, माणसे बदलली आणि मुदपाकखान्यातल्या चुली एकेक करून विझल्या. मोठाले हंडे कुठे गेले ते मला ठाऊक नाही. नारायणरावांनी जाताना मला तात्यांच्या हातात दिले. म्हणाले, "ही तुमच्या हाताची आहे. न्या." तात्यांनी मला पंच्यात गुंडाळले आणि काखेत धरून घरी नेले.

तात्यांच्या बायकोचे, यमुनाबाईंचे, माहेर देवासचे. लेक विद्युल्लता तेव्हा शाळेत जात होती. तिघे बैलगाडीने इंदूरपर्यंत आणि पुढे मोटारीने देवासला आले. एकाच गावात दोन गाद्या नांदलेले ते गाव. तिथे मराठी घरे पुष्कळ, मुंजी आणि लग्ने पुष्कळ. तात्यांनी स्वैपाकाचे ठेके घ्यायला सुरुवात केली. ठेका म्हणजे काय, तर यजमानाने ठरलेली रक्कम द्यायची आणि सगळा शिधा आचाऱ्याने आणायचा. उरले तर आचाऱ्याचे नुकसान, कमी पडले तर आचाऱ्याची अब्रू. मागे कोठी नाही. ही एवढीच गोष्ट बदलली होती, पण तीच तात्यांच्या ध्यानात आली नाही.

पहिले मोठे काम बापूसाहेबांकडचे. बापूसाहेब पूर्वी संस्थानात मोठे कामदार, म्हणजे अधिकारी होते. आता कामदारी गेली होती, पण आवाज तसाच होता. त्यांच्या धाकट्या मुलाची मुंज देवासलाच, राहत्या घरी होती. तात्यांनी दरबारच्या बेताने स्वैपाक केला. मला शिगोशीग भरत होते, वर तांदळाचा डोंगर ठेवून. लाभ, दोन, तीन, चार, थांबायचे नावच नाही. जेवायला घरटी एकेक पुरुष आला. बायका-मुले आपापल्या घरी जेवली, संध्याकाळी हळदीकुंकवाला तेवढी आली. भाताचा निम्मा ढीग तसाच राहिला.

बापूसाहेब अंगणात उभे राहून हसले. "मोरोपंत, हा दरबार नव्हे हो! उरलं ते तुमच्या अंगावर." आजूबाजूचे चारजणही हसले. तात्यांनी तो भात हातगाडीवर घालून भर बाजारातून घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागला, तेव्हा गावच्या गाई बोलावाव्या लागल्या. किराणा दुकानदाराचे भागवायला यमुनाबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. तात्यांच्या मनात ते हसू काट्यासारखे मोडून बसले आणि ते निघालेच नाही.

पुढच्या वर्षी बापूसाहेबांच्या मुलीचे लग्न ठरले. बापूसाहेबांनी पुन्हा तात्यांनाच बोलावले, कारण तात्यांच्या हाताला चव होती, ती कोणी नाकारत नव्हते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. देवासला बाहेरगावच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघायचे होते आणि तिथली खानावळ कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात होते. "लग्न नीट पार पाडा," ते म्हणाले, "खानावळ तुमची."

तात्या घरी आले ते जवळजवळ पळतच. "अगं, रोज तीच मुलं! रोज तेवढीच पानं! मला काय हवं आणखी?" यमुनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी त्या घरात मी पहिल्यांदा हसणे ऐकले. विद्युल्लता मॅट्रिकच्या वर्गात होती, तिला पुढे शिकता येणार होते. भाड्याची काळजी मिटणार होती. एवढे सगळे त्या एका लग्नावर येऊन टेकले होते.

फक्त लग्न देवासला नव्हते. बापूसाहेबांची शेती गावापासून लांब, टोंकखुर्दला होती, तिथल्या मळ्यात मांडव पडणार होता.

सामान भरण्याच्या आदल्या दुपारी तात्या ओसरीवर बसले आणि बोटांवर हिशेब करू लागले. "मुंजीला घरं दीडशे. यंदाही तीच दीडशे. मुंजीला निम्मं उरलं. तेव्हा यंदा निम्मंच न्यायचं, वर वऱ्हाडाचं आणि टोंकखुर्दच्या गाववाल्यांचं थोडं."

यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. "अहो, पण मुंज इथं होती."

"मग?"

"इथं एक माणूस जेवून यायचा नि बाकीचे घरी जेवायचे. टोंकखुर्दला कोणाच्या घरी चूल आहे? जो जाईल तो बायकामुलं घेऊन जाईल. तिथं गेलेला प्रत्येकजण पानावरच बसणार."

तात्यांना हे पटले नाही. खरे सांगायचे तर त्यांनी ते ऐकलेच नाही. ते म्हणाले, "तीस वर्षं मी पानं उठवतोय. लोक येतो येतो म्हणतात, येतात घरटी एक. हे मला तू शिकवू नकोस."

विद्युल्लता आतून आली. तिने जमिनीवर धुतलेली चादर पसरली आणि माझ्यातले तांदूळ ओतून तीन ढीग केले. एक लहान, एक मोठा आणि एक मधला. "तात्या, हे बघा. हा लहान ढीग म्हणजे घरटी एकच आला तर. हा मोठा, सगळीच्या सगळी घरं लोटली तर. या दोन्हींच्या बाहेर काही जाणार नाही. खरं काय होईल ते या दोघांच्या मधे कुठेतरी. पण आई म्हणते ते खरं असेल तर अगदी मधोमध नाही, मोठ्याच्या बाजूला. म्हणून हा तिसरा ढीग मी जरा मोठाच केलाय."

मित्रांनो, मी आयुष्यभर तांदूळ मोजले, पण आपल्याला काय ठाऊक नाही ते कोणी असे ढीग करून दाखवलेले मी पाहिले नव्हते. जिथे गेले साल आणि यंदाचे साल सारखे नाही, तिथे असेच करावे लागते. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि बहुतेक किती.

यमुनाबाई म्हणाल्या, "सगळ्या घरी जायला नको. प्रत्येक आळीतली चार-चार घरं मी विचारून येते. तेवढ्यावरून कळेल वारं कुठलं आहे ते. नाहीतर सरळ पार्वतीबाईंनाच विचारू." पार्वतीबाई म्हणजे बापूसाहेबांची बायको.

तात्या एकदम उठले. "आचाऱ्याची बायको दारोदार फिरून विचारणार, किती जण जेवायला येता म्हणून? आणि यजमानीणबाईंना मी विचारू? लोक म्हणतील मोरोपंताला आता पानंही कळेनाशी झाली! एकदा हसले तेवढं पुरे झालं."

त्यांचा आवाज चढला होता, पण त्या मोठ्या ढिगाकडे ते एकदाही बघत नव्हते. मला तेव्हाच कळले की हा अंदाज नव्हे. हा माणूस घाबरला आहे. ज्या हसण्याने त्यांना पोळले होते त्यापासून ते लांब पळत होते आणि त्या पळण्यालाच हिशेब म्हणत होते.

"मग एक पोतं जास्त तरी घ्या," यमुनाबाई अगदी हळू म्हणाल्या. "शिजवू नका. गाडीत पडून राहील."

"समोर पोतं दिसलं की मी शिजवतोच. मागं तेच झालं." आणि त्यांनी विद्युल्लतेचे तिन्ही ढीग हाताने एकत्र केले आणि तांदूळ पुन्हा माझ्यात ओतले.

तेवढ्यात उमाशंकर आला. तो ट्रक चालवायचा, पाहुण्यांना टोंकखुर्दला न्यायचे काम त्याच्याकडे होते. दारातूनच म्हणाला, "तात्या भिया, मला पहले दोन चक्कर सांगितले होते, आता बापूसाहेब म्हणतात चार लगाव! बाई-बच्चे सगळे येऊन राहिले. तुमचं सामान सकाळी जल्दी टाकून देतो, हाँ?"

यमुनाबाईंनी तात्यांकडे बघितले. तात्या म्हणाले, "लोकांना ट्रकमधून फिरायला आवडतं रे. फिरतील आणि परत जातील."

दुसऱ्या दिवशी मळ्यात पोचलो तर चिंचेखाली पत्रावळींचे गठ्ठेच गठ्ठे रचलेले. उदयनगरच्या रानातून त्या मागवल्या होत्या, पार्वतीबाईंनी स्वतः. तात्यांनी गठ्ठ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "बायका पत्रावळी नेहमी जास्तच मागवतात." मी ओरडून सांगितले असते! पण मापाला तोंड असते ते फक्त धान्य ओतायला.

पहिली पंगत वरपक्षाच्या पुरुषांची. ती झोकात झाली. मसालेभाताचा वास मळाभर पसरला, जिलब्यांची ताटे फिरली, बापूसाहेबांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. दुसरी पंगत गावकऱ्यांची. ती चालू असताना रस्त्यावर धूळ उडाली आणि उमाशंकरचा ट्रक आला. त्यातून बायका उतरल्या. म्हाताऱ्या उतरल्या. कडेवरची पोरे, हाताला धरलेली पोरे. ट्रक रिकामा होऊन गेला आणि पुन्हा भरून आला. शिवाय बैलगाड्या होत्याच.

तात्यांनी झारा हातातून खाली ठेवला. ते माझ्याकडे आले, मला उचलले आणि पोत्यात घातले. "लाभ," ते म्हणाले. आवाज उमटलाच नाही. दोन. तीनच्या वेळी माझी कड पोत्याच्या तळाला, गोणपाटाला घासली. तो खरखर आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांनी पोते झटकले. माझ्यात निम्मेही तांदूळ आले नाहीत. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून हलवले, जसे काही हलवल्याने मी भरणार होते.

तेवढा भात तिसऱ्या, देवासहून आलेल्या पुरुषांच्या पंगतीत संपला. शेवटची पंगत बायकांची आणि मुलांची. रीतच तशी होती, घरच्या बायका सगळ्यांच्या मागून बसत. पत्रावळी मांडल्या गेल्या, त्या सगळ्यांना पुरल्या. मीठ वाढले. लिंबू वाढले. चटणी, कोशिंबीर वाढली. आणि मग वाढणारे आलेच नाहीत.

उमाशंकर म्हणाला, "मैं जातो देवासला, चावल घेऊन येतो." तात्यांनी मान हलवली, पण जाऊन, आणून, शिजवेपर्यंत सांज झाली असती, हे सगळ्यांना दिसत होते. यमुनाबाई आणि विद्युल्लता पदर खोचून गावात धावल्या. कोणी ज्वारीचे पीठ दिले, कोणी दूध दिले. त्यांनी भाकऱ्या थापायला घेतल्या, पण दोन तव्यांवर किती भाकऱ्या होणार? मुलांनी चटणी बोटाने चाटून संपवली. मग ती रडू लागली. एक म्हातारी मिठाची चिमूट तोंडात टाकून पाणी प्यायली आणि मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसली.

पार्वतीबाई त्याच पंगतीत होत्या. नवऱ्या मुलीची आई. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या माहेरची माणसे बसली होती. पुष्कळ वेळाने त्यांनी आपली पत्रावळ नीट दुमडली, जेवण झाल्यावर दुमडतात तशी, आणि त्या उठल्या. चुलाण्यांपाशी येऊन म्हणाल्या, "तात्या, पानं मी मोजूनच मागवली होती हो. घरोघरचं विचारून. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

बस्स, एवढेच. मला वाटते, त्याच क्षणी तात्या संपले. पुढची तीन वर्षे ते जगले, ते शरीर होते म्हणून.

खानावळ दुसऱ्याला मिळाली. मला या गोष्टीचा जितका संताप येतो तितका कशाचाच येत नाही. रोज तीच मुले, रोज तेवढीच पाने, जिथे कालच्यावरून आजचा अंदाज करणेच बरोबर, तिथे तात्यांच्यासारखा माणूस साऱ्या माळव्यात शोधून सापडला नसता. जे काम त्यांना येत होते ते त्यांना मिळाले नाही, कारण जे काम त्या रीतीने होणारे नव्हते ते त्यांनी त्याच रीतीने केले.

विद्युल्लतेची शाळा सुटली. ती एका घरी मुले सांभाळायला आणि निवडणे-टिपणे करायला जाऊ लागली. यमुनाबाई पापड लाटत, मसाले कुटत. तात्यांना कोणी पुन्हा बोलावले नाही, आणि बोलावले असते तरी ते गेले नसते. पण याहून वाईट जे झाले ते मी एकटीने जवळून पाहिले. घरातले तांदूळ तेव्हापासून माझ्यात ठेवतात. संध्याकाळी तात्या चुलीपुढे बसत, माणशी एक अशा तीन वाट्या पातेल्यात घालत. मग त्यांना वाटे, कमी होईल. आणखी अर्धी घालत. मग वाटे, उरेल. ती काढून माझ्यात ओतत. पुन्हा घालत. पुन्हा काढत. ज्यांनी आकाशाकडे बघून शेकडो पानांचा आकडा सांगितला, त्यांना तीन माणसांचा भात ठरवता येईना. शेवटी यमुनाबाई त्यांच्या हातातून वाटी काढून घेत आणि म्हणत, "द्या इकडे. बरोबर आहे ते." तात्या माझ्या कडेवर हात ठेवून बसून राहत.

एकदा त्यांनी विचारले, "त्या दिवशी तू चार घरं विचारायला निघाली होतीस. मी का गं जाऊ दिलं नाही?"

यमुनाबाईंनी वाकून चूल फुंकली.

तात्या गेले ते उन्हाळ्यात. तेराव्याच्या जेवणाची वेळ आली, तेव्हा यमुनाबाई स्वतः आळीआळीतून फिरल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सरळ विचारले, "किती जण याल? खरं सांगा. पोरं धरून सांगा." कोणी सांगायला कचरले तर त्या तिथेच उभ्या राहिल्या. घरी येऊन विद्युल्लतेने पुन्हा चादरीवर तीन ढीग केले. दोघींनी त्यांच्याकडे बघून कितीतरी वेळ विचार केला आणि मग मला उचलले. त्या दिवशी सगळी पाने जेवली. भात कमी पडला नाही. उरला तो एका गाईपुरता. आजवर माझ्या हातून, म्हणजे माझ्या कडेवरून, इतका नेमका अंदाज उतरलेला मी पाहिला नव्हता. धारच्या महालातही नाही. आणि तो पाहायला तात्या नव्हते.

आता रीतीप्रमाणे मी तुमच्याकडे काही मागायला हवे. माझ्यासाठी मला काही नको. तुम्ही मोठे व्हाल, कोणी दुकान काढाल, कोणी पूल बांधाल, कोणी खानावळ चालवाल. अजून न आलेल्या गोष्टीचा अंदाज तुम्हाला करावाच लागेल. तेव्हा आधी एवढे बघा की ही गोष्ट पूर्वीसारखी आहे की नाही. असेल तर खुशाल पूर्वीवरून ठरवा. नसेल तर चार दारांत जाऊन विचारा, आणि लाज वाटली तरी विचारा. आणि तुमच्या घरात ज्याचा अंदाज एकदा चुकला असेल त्याला हसू नका. हसलेला माणूस विसरून जातो. ज्याला हसले तो पुढचा प्रत्येक आकडा त्या हसण्याला भिऊन ठरवतो. हे मी फार जवळून पाहिले आहे आणि त्यावर मला काही औषध सापडलेले नाही.

घरात आता दोघीच असतात. संध्याकाळ झाली की यमुनाबाई फळीवरून मला खाली घेतात. साऱ्या देवासची पाने ज्यांनी बरोबर मोजली त्या यमुनाबाई. वाटी माझ्यात बुडवतात आणि हळूच म्हणतात, "लाभ." मग म्हणतात, "दोन." विद्युल्लता खाली बघून भाजी चिरत राहते.

तिसरी वाटी त्या न मोजता घालतात.